कवचातला रुपया: स्लॅबमधील बनावट नाणी ओळखण्याच्या प्रकल्पाच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४, सांगली

तासगावचे एक निवृत्त गुरुजी आज प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक स्लॅब टेबलावर ठेवला. सीलबंद पारदर्शक कवचात सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा चांदीचा रुपया आहे. वरच्या लेबलावर नाण्याचा खरेपणा आणि दर्जा ठरवणाऱ्या एका परदेशी श्रेणीकरण कंपनीचे नाव, श्रेणी आणि क्रमांक छापलेला असून मागच्या बाजूला होलोग्राम आहे. १९३९ चा रुपया दुर्मीळ असल्यामुळे गुरुजींनी निवृत्तीच्या रकमेतील बराच मोठा भाग देऊन तो घेतला होता. आता नातीच्या शिक्षणासाठी तो विकायला काढला, तर घेणाऱ्याने पाच मिनिटे निरखून पाहिले आणि कारण न सांगता परत केला. गुरुजींचे म्हणणे एवढेच आहे की खोटा असेल तर खोटा आहे असे कोणीतरी स्पष्ट सांगावे, पण का खोटा आहे तेही सांगावे.

गेले वर्षभर आमच्या ओळखीच्या संग्राहकांत अशीच कुजबुज चालू आहे. सराफ कट्ट्यावरचे काका, फोटो काढणारी माझी पुतणी आणि मी अशा तिघांनी आजपासून नोंदी ठेवून काम करायचे ठरवले. प्रश्न असा मांडला आहे: कवच न फोडता, सांगलीत उपलब्ध असलेल्या साधनांनी, स्लॅबमधील नाणे खरे की बनावट हे कितपत खात्रीने सांगता येईल?

काकांनी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहून ठेवते. अंकुशी, चांदवडी, हाली अशा अनेक चालींचे रुपये एकाच बाजारात फिरत होते आणि प्रत्येकाचा बट्टा, म्हणजे बदलून घेतानाची कपात, वेगळी होती, त्या काळी पोतदार किंवा सराफ नाणे पारखून त्यावरच आपली बारीक खूण ठोकत असे. अशा सराफी खुणा असलेले जुने रुपये आजही कट्ट्यावर येतात. त्रयस्थाने दिलेली ग्वाही ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. फरक इतकाच की सराफाची खूण नाण्याच्या अंगावर होती आणि तिला नाण्यापासून वेगळे करता येत नव्हते. लेबलाची ग्वाही कागदावर आहे, कागद प्लास्टिकमध्ये आहे आणि नाणे त्याच्या शेजारी आहे. सगळा घोटाळा या शेजारपणात शिरतो.

१७ नोव्हेंबर २०२४

आज वाचन आणि व्याप्ती ठरवणे. भारतीय नाण्यांचे जे स्लॅब आमच्याकडे दिसतात ते प्रामुख्याने दोन अमेरिकी कंपन्यांचे आहेत: १९८६ मध्ये सुरू झालेली पीसीजीएस आणि १९८७ मध्ये सुरू झालेली एनजीसी. दोघीही अमेरिकी नाणेअभ्यासक शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ही श्रेणी वापरतात, त्यात ६० पासून पुढे न वापरलेली नाणी येतात. कवचाचे दोन भाग श्राव्यातीत (अल्ट्रासॉनिक) कंपनांनी एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे ते सांध्यावर पांढुरकी खूण न ठेवता उघडणे अवघड असते. प्रत्येक स्लॅबचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो, पुष्कळदा त्या नाण्याचे छायाचित्रही तिथे मिळते, आणि पीसीजीएसच्या अलीकडच्या स्लॅबमध्ये मोबाइलने वाचता येणारी चिपही असते.

बनावट कवचे निघाल्याचा इशारा या कंपन्यांनी स्वतःच दिलेला आहे, त्यामुळे कवचाचीही नक्कल होते याबद्दल वाद नाही. आमच्या दृष्टीने शक्यता तीन आहेत. खऱ्या कवचातले नाणे बदललेले असू शकते. कवच आणि नाणे दोन्ही बनावट असू शकतात. किंवा कवच बनावट, पण आतले नाणे मुळात टांकसाळीचेच आणि नंतर हात फिरवलेले असू शकते. तिसरी शक्यता सर्वात त्रासदायक आहे आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष सर्वात कमी असते.

कायद्याची एक बाजूही लक्षात घ्यावी लागली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे व्हिक्टोरियाचा रुपया शंका आली म्हणून सांगलीहून अमेरिकेत फेरतपासणीला पाठवणे हा मार्गच बंद आहे. जे काही पाहायचे ते इथेच पाहावे लागणार. या एका कारणासाठी तरी हे काम कोणीतरी करायलाच हवे होते.

२४ नोव्हेंबर २०२४

ओळखीच्या संग्राहकांकडून १९ स्लॅब अभ्यासासाठी मिळाले. प्रत्येकाची पावती दिली, दोन्ही बाजूंचा फोटो मालकासमोर काढला आणि कोणतेही कवच मालकाच्या लेखी संमतीशिवाय उघडायचे नाही असा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. याशिवाय काकांनी त्यांच्या वडिलांच्या काळापासून घरात असलेले, कधीही बाजारात न आलेले ११ सुटे रुपये तुलनेसाठी दिले. त्यांत व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज या चौघांचेही रुपये आहेत.

सुट्या रुपयांवर पद्धत पक्की करून घेतली. १८३५ पासून ठरलेला रुपया १ तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेनचा किंवा ११.६६ ग्रॅमचा, आणि त्यात १२ पैकी ११ भाग चांदी, सोनेचांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या भाषेत ९१.७ टंच. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त आले. नाणे दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवले की वजनात जी घट येते ती त्याच्या आकारमानाइतकी असते. ९१.७ टंचाच्या रुपयाची घट १.१३ ग्रॅमच्या आसपास यायला हवी, १९४० नंतरच्या रुपयाची १.२२ च्या आसपास. आमचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचतो, तेव्हा हा फरक निःसंशय कळतो. अकराही रुपये अपेक्षेप्रमाणे उतरले. झिजलेल्या व्हिक्टोरियाचे वजन कमी भरले, पण घनता जागेवर होती.

१ डिसेंबर २०२४

स्लॅबमधल्या नाण्यावर यातले काहीच चालत नाही. नाणे दगडावर वाजवून पाहता येत नाही, कसाला लावता येत नाही, पाण्यात बुडवता येत नाही. पारखण्याच्या आपल्या सगळ्या जुन्या रीती हाताच्या आणि कानाच्या आहेत, आणि कवच नेमके हात आणि कान यांनाच बाहेर ठेवते.

पूर्ण स्लॅब तोलून पाहिला. रुपयाएवढ्याच आकाराचे जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे चांदीसारख्या दिसणाऱ्या पण चांदी नसलेल्या मिश्रधातूचे, नाणे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास भरेल, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅमचा फरक पडायला हवा. परंतु वेगवेगळ्या वर्षांच्या कवचांचे प्लास्टिक आणि आतले धरणारे कडे वेगवेगळे असल्याने कवचांचीच वजने एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच पिढीचे आणि एकाच आकाराचे दोन स्लॅब शेजारी असतील तरच या वजनाला अर्थ आहे. शिवाय नक्कल करणारा नाणे किंचित जाड करून वजन भरून काढू शकतो आणि जाडी कवचात दिसत नाही. भरड चाळणी म्हणून ही चाचणी ठेवली, निर्णय मात्र तिच्यावर करायचा नाही.

८ डिसेंबर २०२४

फोटोवरून व्यास मोजण्याचा पहिला प्रयत्न फसला. पट्टी कवचावर ठेवली होती आणि नाणे तिच्या ३ मिलिमीटर खाली होते. कॅमेरा ३० सेंटिमीटरवर असताना एवढ्याने १ टक्का चूक होते, म्हणजे साडेतीस मिलिमीटरच्या रुपयात ०.३ मिलिमीटर. खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ओतलेले नाणे थंड होताना आकसते, ते आकसणेही टक्का-दोन टक्क्यांचेच असते. म्हणजे जी गोष्ट शोधायची तेवढीच आमची चूक होती. पुतणीने कॅमेरा दीड मीटर दूर नेला, लांब पल्ल्याची भिंग लावली, आणि चूक पाचव्या हिश्शावर आली.

२२ डिसेंबर २०२४

या महिनाभरातले सर्वात उपयोगी काम आज झाले. विजेरी टेबलाच्या पातळीपासून थोडीच वर धरून तिरपा उजेड टाकायचा आणि स्लॅब हळूहळू पूर्ण फिरवायचा. ठशाखाली दाबल्या गेलेल्या नव्या नाण्यात धातू मधून कडेकडे वाहिलेला असतो, त्यामुळे चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ओतीव नाण्यात ती फिरत नाही. तिथे पृष्ठभाग रवाळ दिसतो, अक्षरांच्या मुळाशी कोपरे गोलसर होतात आणि बारीक बुडबुड्यांचे खळगे राहतात. हे फोटोत पकडणे कठीण जाते, कारण चमक म्हणजे हालचाल आहे आणि फोटो स्थिर आहे. म्हणून एका स्लॅबचे एकाच जागेवरून आठ फोटो, प्रत्येक वेळी उजेड ४५ अंशांनी सरकवून, अशी पद्धत ठरवली.

प्लास्टिकवरचे ओरखडे आणि नाण्यावरचे ओरखडे यांची पहिल्या दिवशी गल्लत होत होती. त्यावर उपाय अगदी सोपा निघाला: डोके डावीकडून उजवीकडे हलवावे. प्लास्टिकवरची खूण नाण्याच्या नक्षीवरून सरकते, नाण्यावरची खूण आपली जागा सोडत नाही. फोटोतही हेच करायचे, दोन किंचित वेगळ्या कोनांतून.

दुसरी दक्षता उठाव आणि खोलगट ओळखण्याची. फोटो नुसता पाहिला तर खळगा उंचवट्यासारखा वाटू शकतो, डोळा सहज फसतो. म्हणून प्रत्येक संशयित खुणेशेजारचे एखादे अक्षर पाहावे. अक्षर उठावाचे आहे हे आपल्याला माहीत असते. उजेडाच्या बाजूला अक्षर उजळते आणि पलीकडे सावली पडते, खूण त्याच्या उलट वागली तर ती खोलगट आहे. हा मुद्दा मी वहीत लाल शाईने लिहिला, कारण पुढचे बरेच काही यावर उभे राहणार आहे असे वाटले.

५ जानेवारी २०२५

आज एका चुकीच्या आरोपातून आम्ही वाचलो.

१९ पैकी क्रमांक ७ चा स्लॅब पहिल्या दिवसापासून संशयित म्हणून बाजूला ठेवला होता. सांध्यावर पांढुरकी रेघ, लेबलाचा खालचा कोपरा फुगलेला, आतल्या कड्याभोवती मातकट डाग. कवच उघडून पुन्हा चिकटवल्याची जी लक्षणे आम्ही लिहून ठेवली होती ती सगळी त्यात होती. मालकीणबाईंना विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की २०१९ च्या महापुरात त्यांचे घर पाण्याखाली होते आणि कपाटातला तो डबा आठवडाभर पाण्यात होता. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, त्या ऑगस्टमध्ये निम्म्या सांगलीच्या कपाटांत काय काय भिजले याचा हिशेब आजवर कोणी केलेला नाही. स्लॅब सीलबंद असला तरी जलरोधक नसतो. पाणी आत गेले, पाण्याबरोबर गाळ गेला, पुढे पाणी वाळले आणि गाळ राहिला.

कंपनीच्या संकेतस्थळावर या क्रमांकाचे छायाचित्र आहे. ते समोर ठेवून आम्ही रुपयावरच्या १४ खुणा एकेक करून पाहिल्या. राजाच्या दाढीखालची तिरपी रेघ, मुकुटाच्या मण्यावरचा ठोका, मागच्या बाजूला वेलीच्या डाव्या वळणावरचे दोन जवळजवळचे टिंब, सगळ्या जागच्या जागी होत्या. रंग पूर्ण बदललेला आहे, चांदी काळसर तपकिरी झाली आहे, पण खुणा त्याच आहेत. नाणे खरे आणि तेच. कवचही खरे.

यातून दोन नियम मिळाले. रंगावर भिस्त ठेवू नये, कारण चांदीचा रंग कवचातही बदलत राहतो. ओरखड्यांवर ठेवावी, कारण छायाचित्रात असलेला ओरखडा कवचात बंद नाण्यावरून नाहीसा होऊ शकत नाही. आणि कवचाची अवस्था हा पुरावा नव्हे, ती केवळ चौकशीचे निमित्त आहे. विशेषतः नदीकाठच्या गावांत.

१९ जानेवारी २०२५

दोन वेगवेगळ्या मालकांचे, दोन वेगवेगळ्या क्रमांकांचे १९११ चे रुपये आमच्याकडे आलेले आहेत. या रुपयाची हकीकत जुन्या लोकांना ठाऊक आहे. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर हत्ती कोरलेला होता, पण तो इतका बारीक होता की लोकांना डुक्कर वाटला. गवगवा झाला, नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला गेला. त्यामुळे या सालाला मागणी आहे, आणि मागणी असते तिथे नक्कल येतेच.

दोघांचेही क्रमांक कंपनीच्या यादीत बरोबर सापडतात. दोघांचे लेबल नीटनेटके आहे. पुतणीने आठही उजेडांचे फोटो एकावर एक ठेवून पाहिले, आणि राजाच्या गळ्याजवळ झग्याच्या काठावर दोन्ही नाण्यांना एकाच जागी, एकाच आकाराचा, तांदळाच्या कणीएवढा खळगा दिसला. शेजारच्या अक्षराशी ताडून पाहिला, खोलगटच आहे. मागच्या बाजूला मोकळ्या जागेत एक छोटी वाकडी चीर, तीही दोन्हींवर, तीही खोलगट.

इथे थोडे सविस्तर लिहिते. ठसा तडकला तर त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर उठावाची रेघ येते. एकाच ठशातून निघालेल्या हजारो खऱ्या नाण्यांवर ती रेघ सारखी असू शकते. म्हणून दोन नाण्यांवर सारखी उठावाची खूण दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, उलट ते खरेपणाचे लक्षण असते. खोलगट ठोका मात्र टांकसाळीतून बाहेर पडल्यावर, पोत्यात, गल्ल्यात, दुसऱ्या नाण्यावर आपटून बसतो. तो योगायोगाचा असतो, त्यामुळे दोन नाण्यांवर हुबेहूब तोच ठोका बसणे संभवत नाही. बसला असेल तर त्याचा अर्थ असा की कोणीतरी एका ठोका बसलेल्या खऱ्या रुपयावरून ठसा किंवा साचा तयार केला, आणि त्या रुपयाला झालेली इजा त्याच्या सगळ्या नकलांनी वारशाने घेतली. ठशाला चिकटलेल्या कचऱ्यामुळे खऱ्या नाण्यांवरही क्वचित सारखे खळगे येतात, म्हणून एका खळग्यावर निकाल देऊ नये. आमच्याकडे दोन आहेत, पुढे आणि मागे, आणि त्यात एक उघड उघड ठोक्याचा आहे. शिवाय हत्तीची सोंड आणि पाठ दोन्हींवर सारखीच मऊ, मेणासारखी आहे.

एक नाणे एकटे पाहिले असते तर आम्ही ते पास केले असते. हे मान्य करायला हवे. दोन शेजारी आली म्हणून ओळखता आली. दोन्ही मालक एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांना उद्या प्रत्यक्ष भेटून सांगणार, फोनवर सांगण्याची ही गोष्ट नव्हे.

२ फेब्रुवारी २०२५

गुरुजींच्या १९३९ कडे मी मुद्दाम उशिरा वळले, पद्धत आधी दुसऱ्यांवर तावून सुलाखून घ्यावी म्हणून.

क्रमांक कंपनीच्या यादीत आहे. साल तेच, श्रेणी तीच, पण छायाचित्र नाही. विकणाऱ्याने गुरुजींना नेमके हेच मोबाइलवर दाखवले होते आणि गुरुजींची खात्री पटली होती. क्रमांक खरा असणे आणि हा स्लॅब खरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खऱ्या स्लॅबचा फोटो कुठेतरी प्रसिद्ध झालेला असतो, त्यावरचा क्रमांक कोणालाही उतरवून घेता येतो आणि हव्या तितक्या लेबलांवर छापता येतो.

पुतणी तीन रात्री जुन्या लिलावांची छायाचित्रे चाळत बसली आणि अखेर याच क्रमांकाचा स्लॅब एका जुन्या परदेशी लिलावात सापडला. त्यातल्या रुपयावर राजाच्या गालावर एक ठळक ठोका आहे आणि मुकुटाच्या पुढे मोकळ्या जागेत आडवी रेघ आहे. गुरुजींच्या रुपयाचा गाल स्वच्छ आहे आणि रेघही नाही. एवढ्याने ठरले: हे ते नाणे नव्हे. त्याच पिढीचा एक खरा स्लॅब शेजारी ठेवून पाहिले तर एकावर एक रचण्यासाठी केलेल्या कडाही एकमेकांत नीट बसत नाहीत, आणि होलोग्राम कोन बदलला तरी फक्त चकाकतो, चित्र बदलत नाही. कवच बनावट आहे.

परंतु गुरुजींनी विचारलेला प्रश्न नाण्याबद्दल होता.

९ फेब्रुवारी २०२५

कट्ट्यावर एका पेढीत कवचातूनही धातूची विद्युतवाहकता मोजणारे यंत्र आहे, त्यांनी विश्वासाने वापरायला दिले. काकांचा सहाव्या जॉर्जचा ९१.७ टंचाचा सुटा रुपया त्याच जाडीच्या प्लास्टिकखाली ठेवून आधी वाचन घेतले, मग गुरुजींच्या स्लॅबचे. दोन्ही वाचने जुळली. तिरप्या उजेडात चमकही आऱ्यांसारखी फिरते. कडेची नक्षी, राजाचा चेहरा, फुलांची वेल, सगळे धारदार आहे. काका दोन तास भिंग घेऊन बसले आणि म्हणाले, "मला हा टांकसाळीचाच वाटतो."

मग तिसरी शक्यता पुढे आली. याच घडणीचा १९३८ चा रुपया मुबलक आहे. त्यातल्या शेवटच्या ८ चा ९ केला तर धातू, वजन, व्यास, चमक, घनता, वाहकता, काहीही बदलत नाही, कारण नाणे खरेच असते. खोटा असतो तो केवळ एक अंक.

सुदैवाने १९३९ या सालात दोन ९ आहेत. दुसरा आकडा नक्की टांकसाळीचाच, तेव्हा तो आणि चौथा आकडा एकमेकांशी ताडून पाहता येतात. लिलावातल्या खऱ्या नाण्याचा फोटो मोठा करून पाहिला, त्यात दोन्ही ९ एकाच वळणाचे आहेत. गुरुजींच्या रुपयात तसे नाहीत. ८ ची वरची वाटी खालच्या वाटीपेक्षा लहान असते, तर ९ ची वाटी मोठी आणि शेपूट आखूड असते. ८ च्या खालच्या वाटीची डावी बाजू खरवडून काढली की जो ९ तयार होतो त्याचे डोके लहान आणि शेपूट अवजड राहते. शेवटचा ९ नेमका तसा आहे. तिरप्या उजेडात त्या अंकाच्या डावीकडे, जिथे वाटीची बाजू असायला हवी होती, तिथे चमक तुटते. मोकळ्या जागेतून सरळ जाणाऱ्या धातूच्या प्रवाहरेषा तेवढ्या ठिपक्यात थांबतात आणि त्यांच्या जागी आडव्या, समांतर, अतिशय बारीक रेघा दिसतात. त्या हत्याराच्या आहेत. घासून मग पॉलिश केलेली ही जागा मिलिमीटरभरही रुंद नाही.

ज्याने हे केले त्याचा हात निष्णात होता. इतके कसब माणसाने अशा कामाला लावावे याचे मला मनापासून वाईट वाटले.

२३ फेब्रुवारी २०२५

गुरुजींना सगळे फोटो दाखवले. त्यांनी स्वतः भिंगातून दोन्ही ९ पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि कवच उघडायची लेखी संमती दिली. "आता पूर्ण बघा," असे म्हणाले.

विट्याचे एक गलाईवाले मामा आज मुद्दाम आले होते. खानापूर आणि आटपाडी या भागातली शेकडो कुटुंबे पिढ्यानपिढ्या देशभर सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा करतात, आणि मामांची उमर भट्टीसमोर गेली आहे. कवच सांध्यावर करवतीने कापले, नाणे बाहेर काढले. वजन ११.६४ ग्रॅम. पाण्यातली घट १.१३ ग्रॅम, म्हणजे घनता १०.३. मामांनी नाण्याच्या कडेवर कस घेण्याऐवजी आधी ते बोटाच्या टोकावर धरून दुसऱ्या रुपयाने हलकेच टिचकवले. आवाज लांब आणि स्वच्छ निघाला. "चांदीत खोट नाही, गुरुजी," मामा म्हणाले. कस घ्यायची गरज नाही असे त्यांनीच सांगितले.

सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट मोठे करून पाहिले तेव्हा घासलेल्या जागेत जुन्या वाटीच्या मुळाची एक अर्धगोल सावली अजून उरलेली दिसली. ८ पूर्ण पुसला गेलेला नाही. याचा फोटो वहीत चिकटवला आहे.

९ मार्च २०२५

गुरुजींना लेखी अहवाल दिला: कवच बनावट, क्रमांक दुसऱ्या नाण्याचा उचललेला, नाणे १९३८ चा खरा चांदीचा रुपया, अखेरचा अंक बदललेला. पानाच्या खाली आम्ही कोणत्या साधनांनी काय पाहिले आणि त्यात किती चूक संभवते हेही लिहिले, म्हणजे पुढे वाद झाल्यास त्यांना ते कोणाहीपुढे मांडता येईल. विकणाऱ्याकडे पैसे मागायचे की नाही हे गुरुजी आणि त्यांचा मुलगा ठरवणार आहेत.

१९ पैकी उरलेल्या स्लॅबचे काम संपत आले आहे. १३ स्लॅबमधील नाणी छायाचित्रांशी खूण-खूण जुळली. तीन स्लॅबचे छायाचित्र कुठेच सापडले नाही, त्यांच्यावर मत देणार नाही, फक्त नोंद ठेवणार. १९११ चे दोन मालक काकांबरोबर पुढच्या रविवारी येणार आहेत. १९ वा स्लॅब मालकाने अर्ध्यातूनच परत नेला, त्याचा तसा उल्लेख केला.

यापुढे तपासलेल्या प्रत्येक रुपयाची किमान १० खुणांची यादी, जागेसह, वहीत ठेवायची आहे. राजाचे डोके घड्याळाच्या मध्याशी धरून खूण किती वाजण्याच्या दिशेला आहे आणि केंद्रापासून किती दूर आहे असे लिहायचे. उद्या तोच क्रमांक दुसऱ्या नाण्यावर बाजारात आला तर वही उघडून अर्ध्या तासात उत्तर देता आले पाहिजे.

गुरुजींनी रुपया परत नेला नाही. पाकिटावर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात "१९३८, आठाचा नऊ केलेला" असे लिहिले आणि ते पाकीट आमच्या तुलनेच्या डब्यात, काकांच्या अकरा रुपयांच्या शेवटी ठेवले. वहीत त्याचा क्रमांक १२ आहे.